वर्षातले तीन तास

दोन एकर ऊस असलेल्या माणसानं पाचट कुट्टीचं यंत्र विकत घेऊ नये. झालं, लिहून टाकलं! आता कागलहून चुलतभावांचे फोन यायला हरकत नाही.

शेतीशी संबंध नसलेल्या ब्लॉगकर मित्रांसाठी थोडं सांगतो. ऊस तुटून गेला, जनावरांसाठी वाढं गेलं, की रानात मागं उरतं ते पाचट. वाळलेली पानं, एकरी तीन-चार टन. त्याचं काय करायचं यावर आमच्याकडं दोन पक्ष आहेत. एक काडेपेटीवाल्यांचा. दुसरा ट्रॅक्टरच्या मागं फिरत्या पात्यांचं यंत्र जोडून पाचटाचा भुगा करणाऱ्यांचा. कोणी त्याला स्लॅशर म्हणतं, कोणी मल्चर, कोणी नुसतं कुट्टी मशीन.

मी दुसऱ्या पक्षाचा. पाचट पेटवलं की पोटॅश राखेत उरतं हे खरं, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरातून जातो. रान आधीच पाणी आणि रासायनिक खतं पिऊन थकलंय, त्यात वरचा थर भाजून काढायचा! कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विना नांगरणीच्या शेतीबद्दल, पिकाचे अवशेष रानातच ठेवण्याबद्दल वर्षानुवर्षं लिहीत, बोलत आलेत. तेव्हा पाचट जाळू नये यावर माझा वाद नाही. वाद आहे तो "मग घेऊन टाक की एक मशीन" म्हणणाऱ्यांशी.

जरा हिशोब करू. पाच फुटी स्लॅशर ताशी तीन किलोमीटरनं चालला, तर तासाला एकराहून थोडं जास्त रान होतं. वळणं, अडकणं, बांधावरच्या गप्पा धरून एकरी दीड तास म्हणू. दोन एकरांना तीन तास. वर्षातून एकदा! बाकीचे दिवस यंत्र गोठ्यामागं गंजत उभं, त्यावर कोंबड्या.

समजा, ते दीड लाखाला पडलं. पैसे घरचेच. सात टक्क्यांनी धरले तरी वर्षाला साडेदहा हजारांचं व्याज बुडालं. म्हणजे एकरी सव्वापाच हजार, एक थेंब डिझेल न जाळता. घसारा आणि पाती वेगळीच. हा आकडा आपल्या गावातल्या एकरी भाड्यापुढं ठेवून बघा.

"पण अनुदान आहे ना!" आहे. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण अभियानात लहान आणि सीमांत शेतकऱ्याला ५० टक्के, इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती अवजारांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलंच झालं. पण अर्धी किंमत सरकारनं भरली म्हणून न लागणारी वस्तू लागणारी होत नाही. अर्धी तरी आपल्याच खिशातून जाते.

दुसरा मुद्दा जोरात येतो, "भाड्याचं मशीन वेळेला मिळत नाही." भाताच्या मळणीला हे पटतं, सगळ्यांचं एकाच आठवड्यात असतं. उसाचं तसं नाही. शाहू असो, बिद्री असो की हमीदवाडा, कारखाना नोंदीप्रमाणं तोड देतो. माझ्या रानात टोळी डिसेंबरात, शेजाऱ्याच्या फेब्रुवारीत. म्हणजे एक यंत्र पुरवून पुरवून वापरायची सोय कारखान्यानंच करून ठेवलीय! सात-आठ घरांनी मिळून एक घेतलं, किंवा गावात अवजार बँक असेल तिथून आणलं, तर तेच यंत्र चार महिने कामाला लागतं. आपल्याला वावडं आहे ते "मिळून" या शब्दाचं. दारात उभं असलेलं यंत्र पाहुण्यांना दाखवता येतं, सामाईक यंत्र कसं दाखवणार?

आता घ्यायचंच असेल, मिळून किंवा भाड्यानं, तर रंग बघू नका. आधी ट्रॅक्टर बघा. स्लॅशरची पाती पंख्यासारखी आडवी फिरतात. मल्चरच्या आडव्या दांड्यावर खूप छोटी पाती असतात. मल्चर बारीक करतो, पण ताकद जास्त मागतो. वीस-बावीस एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला मोठा मल्चर जोडला, की पीटीओ दमतो आणि पुढची चाकं हलकी होऊन तोंड वर उचलतं. यंत्राची रुंदी आपल्या सरीच्या अंतराशी जुळते का, बुडख्यांवरून चाकं जातात का, ते बघा. मागं साखळ्यांचा पडदा आणि पीटीओ शाफ्टवर कव्हर पाहिजेच. पात्याखाली आलेला दगड गोफणीतल्या धोंड्यासारखा सुटतो, आणि शाफ्टमध्ये धोतराचा सोगा अडकला तर माणूस जातो. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळा. वाफसा नसताना ट्रॅक्टर घालू नका, खोडव्याच्या मुळ्या दबतात.

आणि वीस गुंठेच असतील तर यंत्रच नको. एक सरी सोडून एक सरीत पाचट दाबा, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका, पाणी द्या. घरची दोन माणसं हे करतात.

मला राग येतो तो एवढ्यासाठी. हौसेनं घेतलेल्या यंत्राचा हप्ता थकला, की माणूस हप्त्याला दोष देत नाही, पाचटाला देतो. "हे सगळं मोठ्यांचं खूळ" म्हणतो आणि पुन्हा काडी ओढतो. मग त्याचं बघून शेजारचे चारजण ओढतात. दोन एकरांच्या माणसाला चुकीचं यंत्र गळ्यात मारणारा माझ्या लेखी काडेपेटीवाल्यांच्याच पक्षाचा.

तेव्हा दादा, बुकिंगचे पैसे अजून दिले नसशील तर थांब. आधी गल्लीतल्या सात घरांना विचार.