एक भाषा दुसरीला शिकवते

इंग्रजीतील नामांचे प्रकार तुम्ही तोंडपाठ करता. परंतु व्याख्या पाठ झाली म्हणजे व्याकरण समजले, असे मला वाटत नाही. तुम्ही तीन भाषा शिकता. त्यांची तुलना करा, म्हणजे व्याकरण सोपे होईल.

'शहर' हे उर्दूत इस्म-ए-नकिरा, मराठीत सामान्यनाम व इंग्रजीत कॉमन नाउन. 'मालेगाव' हे इस्म-ए-मारिफा, विशेषनाम किंवा प्रॉपर नाउन. इंग्रजीत त्याचे पहिले अक्षर मोठे लिहितात. उर्दू व मराठी लिपींत तशी रीत नाही, म्हणून आपण ते विसरतो.

सर्वनामांत अधिक गोंधळ होतो. उर्दूत मुलगा, मुलगी, झाड या सर्वांसाठी 'वो' चालते. त्यामुळे इंग्रजी बोलताना 'ही' आणि 'शी' यांची गल्लत होते. येथे मराठीतील 'तो, ती, ते' मदतीला येतात. मात्र मराठीत खुर्चीलाही 'ती' म्हणतात. इंग्रजीत तिला 'इट' म्हणावे लागते, हे ध्यानात ठेवा.

उर्दूतील 'हम' आणि इंग्रजीतील 'वी' यांसाठी मराठीत दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा वगळला जातो. 'आपण' म्हटले की तोही सामील होतो. मित्राला सोबत न्यायचे असेल, तर 'आम्ही खेळायला जाऊ' म्हणू नका; 'आपण जाऊ' म्हणा. नाहीतर तो बिचारा घरीच बसेल!

मराठी केवळ परीक्षेपुरती आहे, असे काही मुले समजतात. मला हे पटत नाही. जी भाषा शेजाऱ्यांशी बोलायला उपयोगी पडते आणि इंग्रजी शिकतानाही हात देते, तिला ओझे का मानावे?