मांजराला काय धाड भरणार?

‘मनीने सकाळपासून दुधाला तोंड लावलं नाही,’ असे घरात कुणी म्हटले, की स्वयंपाकघरातून हमखास उत्तर येते, ‘तिला काय धाड भरलीय! कुठंतरी उंदीर मारून आली असेल.’ विषय तिथेच संपतो. गाय चरेनाशी झाली तर सारे घर काळजीत पडते. बैलाने वैरण टाकली तर धनी रात्रभर गोठ्यात बसतो. कुत्रा लंगडला तर तो स्वतःच कण्हून-कुंथून घर डोक्यावर घेतो. मांजराच्या वाट्याला मात्र यातली कोणतीच काळजी येत नाही. आपल्या म्हणींतले मांजर डोळे मिटून दूध पिते, खेळता खेळता उंदराचा जीव घेते. आणि रस्त्यात ते आडवे गेले तर आपण दोन पावले थांबतो. ते लबाड आहे, चपळ आहे, अपशकुनी आहे. पण ते कधी आजारी पडते, असे सांगणारी म्हण मला तरी आठवत नाही.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. मांजर आजारी पडते, इतर कोणत्याही जनावराइतकेच पडते. परंतु ते आपले दुखणे लपवते, आणि त्याच्या या लपवण्यालाच आपण त्याची प्रकृती समजून बसतो. मांजर पाळणे म्हणजे त्याला दूध-पोळी घालणे आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवणे एवढेच नव्हे. त्याचे मौन वाचता येणे आणि वेळेवर त्याला डॉक्टरांकडे नेणे, हा त्या पाळण्याचाच अर्धा भाग आहे.

ते दुखणे का लपवते? त्यात लबाडी नाही. मांजर शिकार करते हे खरे, पण ते स्वतःही लहानसे जनावर आहे. त्याच्याहून मोठ्या जनावरांची ते सहज शिकार होऊ शकते. रानात जो दुबळेपणा दाखवतो तो आधी मारला जातो. मांजराच्या पूर्वजांनी हा धडा हजारो वर्षे गिरवला आणि घरात राहायला आल्यावरही त्यांचे वंशज तो विसरले नाहीत. म्हणून दुखू लागले की मांजर ओरडत आपल्याकडे येत नाही. ते कपाटाखाली, माळ्यावर, जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. आपण म्हणतो, ‘रुसलंय.’ एवढेच काय, मांजर घुरघुरते तेव्हा ते सुखातच असते, हाही आपला एक भाबडा समज आहे. वेदनेत असलेले, कधी कधी मरणाच्या दारातले मांजरसुद्धा घुरघुरते.

मग ओळखायचे कसे? आपण कला शाखेचे विद्यार्थी कवितेतली न लिहिलेली ओळ वाचायला शिकतो; नाटकातले पात्र काय बोलले यापेक्षा काय बोलले नाही याची चर्चा तासन्‌तास करतो. तीच नजर इथे लागते. मांजर सवयीचे गुलाम असते. ते कुठे निजते, केव्हा खाते, किती पाणी पिते, मालक आला की दाराशी येते की नाही, हे सारे ठरलेले असते. या ठरलेपणात पडलेला खंड म्हणजेच त्याची तक्रार. उडी मारून ओट्यावर चढणारे मांजर चार दिवस खालीच बसू लागले, दिवसभर अंग चाटून लखलखीत राहणाऱ्या मांजराचे केस राठ आणि गुंतलेले दिसू लागले, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा वर आलेला दिसला, दहा-बारा वर्षांचे म्हातारे मांजर एकाएकी वाटीमागून वाटी पाणी पिऊ लागले आणि खाऊनही वाळू लागले, तर तो नखरा नव्हे. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा गळ्यातल्या ग्रंथीचा बिघाड अशा चोरपावलांनी येतो.

काही खुणा मात्र याहून निकडीच्या असतात. तिथे ‘उद्या बघू’ ही भाषा चालत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर ती फार गंभीर गोष्ट समजावी. कुत्रा धापा टाकतो तसे मांजर सहसा टाकत नाही. शांत निजलेल्या निरोगी मांजराचे श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतात, आणि घड्याळ समोर ठेवून ते कुणालाही मोजता येतात. ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असाव्यात. पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर झाल्या असतील तर थेट दवाखाना गाठावा. मांजर एकदम किंचाळून मागचे दोन्ही पाय ओढत चालू लागले आणि ते पाय हाताला गार लागले, तर ‘कुणी काठी मारली असेल’ म्हणून बसू नये. हृदयविकारामुळे रक्ताची गुठळी अडकूनही असे होते. पिल्लू वारंवार ओकत असेल, जुलाब होत असतील आणि ते मलूल होऊन पडले असेल, तर तो मांजरांचा पार्व्हो असू शकतो. लस न दिलेली पिल्ले त्यात पाहता पाहता जातात.

उपासाविषयीही एक शब्द. पोट बिघडले की लंघन करावे, हा आपल्या घरांतला जुना आणि माणसापुरता बराचसा शहाणपणाचा विचार. मांजराला तो लागू नाही. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस अन्न टाकले तर त्याच्या अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि मूळ दुखणे बाजूला राहून यकृतच निकामी होऊ लागते. चोवीस तास मांजर जेवले नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य गिळून टाकावे आणि डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत फसवे दुखणे बोक्यांचे. आमच्या वसतिगृहाच्या खानावळीत टिळ्या नावाचा एक बोका आहे. परीक्षेच्या दिवसांत तो मागच्या अंगणातल्या वाळूच्या ढिगावर पुन्हापुन्हा जाऊन बसू लागला. बसे, कुंथे, विचित्र आवाजात ओरडे आणि परत येऊन मागचे अंग चाटत राही. कुणी म्हणाले पोट धरले आहे, कुणी एरंडेल सुचवले. पण खानावळीच्या मावशी वाळूकडे पाहून आल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, वाळू तर कोरडीच आहे. सकाळपासून याला लघवीच झालेली नाही.’ आम्ही तिघांनी झाकणाच्या टोपलीत घालून, वर चादर टाकून, त्याला रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितले, मूत्राशय फुगून दगडासारखे झाले आहे. गुंगी देऊन नळी घातली, सलाईन लावले. टिळ्या वाचला. त्याच्या पाठीवरून फिरणारे हात वसतिगृहात वीस तरी होते. वाळूकडे गेलेले डोळे मात्र मावशींचेच.

बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. बारीक खडे आणि चिकट स्राव यांचे बूच त्यात बसले की लघवी पूर्ण बंद होते. रक्तात विषारी द्रव्ये साठतात, पोटॅशियम वाढते आणि शेवटी हृदय थांबते. हे सारे एक-दोन दिवसांत घडू शकते. पाहणाऱ्याला मात्र ते बद्धकोष्ठासारखे दिसते. म्हणून बोका कुंथताना दिसला की आधी वाळू ओली झाली आहे की नाही, ते पाहावे.

आता मायेने होणाऱ्या घाताविषयी. दुष्टाव्याने मांजराला मारणारे लोक आहेत. पण प्रेमाने औषध देऊन मारणारेही कमी नसावेत. मांजराचे अंग गरम लागले की घरातली तापाची गोळी कुटून दुधातून दिली जाते. ही पॅरासिटामॉलची गोळी आपल्याला उतार पाडते, कारण आपले यकृत ती पचवून बाहेर टाकू शकते. मांजराच्या यकृतात ते काम करणारी यंत्रणा फारच तोकडी असते. गोळीचे विष बनते, रक्तातल्या तांबड्या पेशींना प्राणवायू वाहता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. चुकून दिली गेलीच असेल तर न लपवता डॉक्टरांना सांगावे. लवकर पोचल्यास त्यावर उतारा देता येतो. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधे, विशेषतः परमेथ्रिन असलेली, मांजराला लावली तर त्याला झटके येतात. आणि संक्रांतीच्या दिवसांत मांजाचा किंवा शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा त्याच्या तोंडातून वा गुदद्वारातून लोंबताना दिसला तर तो ओढू नये. आत आतड्यात अडकलेला दोरा ओढला तर आतडे कापले जाते.

इतके वाचल्यावर एक आक्षेप येणारच, आणि तो मी गंभीरपणे घेते. ‘खेड्यापाड्यांत माणसांना डॉक्टर मिळत नाहीत आणि तुम्ही मांजराचे कौतुक सांगता!’ आक्षेपातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे. पण त्यावरून दुसरे निघत नाही. करुणा ही काही पेवातले धान्य नव्हे, की एका मापाने मांजराला दिली म्हणून माणसाला कमी पडेल. टिळ्याच्या वर्गणीला ज्यांनी हात आखडता घेतला, त्यांनी ते पैसे एखाद्या रुग्णालयाला पाठवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शिवाय मांजराचे आरोग्य आपल्यापासून वेगळे नाही. रेबीज केवळ कुत्र्यापासून होतो असे नाही, पिसाळलेल्या मांजराच्या चाव्यानेही होतो. मांजर तीन महिन्यांचे झाले की त्याला ती लस देता येते. आणि मांजर चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन आपणही डॉक्टरांकडे जायला हवे.

सोयी अगदीच नाहीत असेही नाही. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे, नागपूरचे १९५८ चे, परभणीचे १९७२ चे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. या साऱ्या व्यवस्थेची घडण गुरांभोवती झाली हे खरे, कारण गुरांच्या दुखण्याचा हिशेब रुपयांत मांडता येतो. पण तिथला डॉक्टर मांजराला दारातून परत पाठवतो असे समजायचे कारण नाही. आपणच त्याला तिथवर नेत नाही. १९६० च्या प्राणी-क्लेश प्रतिबंधक कायद्याने पाळणाऱ्यावर जनावराच्या काळजीचे कर्तव्य टाकले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही घातले. हे कलम आपण पेपरात पाच गुणांसाठी लिहितो.

खर्चाची अडचण मी नाकारत नाही. प्रत्येक दुखणे बरे होते असेही नाही. कधी कधी डॉक्टर सांगतील, आता काही उरले नाही, वेदना कमी करणे तेवढे हातात आहे. तेही ऐकून घ्यावे. उपचार थांबवायचे असतील तर ते डॉक्टरांच्या समोर बसून, समजून थांबवावेत. दार लावून ‘जगलं तर जगलं’ म्हणणे हा निर्णय नव्हे.

तत्त्वज्ञानाच्या तासाला आपण भक्तीचे दोन न्याय शिकतो. मर्कटन्यायात माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मार्जारन्यायात मांजराचे पिल्लू काहीच करत नाही. आईच त्याला मानेला धरून सुरक्षित जागी नेते. रामानुजांच्या परंपरेत यावरून दोन पंथ झाले. ईश्वर कोणत्या न्यायाने तारतो, हा वाद पंडितांनी करावा. घरातले मांजर आजारी पडले की तिथे एकच न्याय लागू होतो. ते आपल्याला धरायला येणार नाही. आपणच त्याला उचलून नेले पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयाच्या आवारात, वसतिगृहात, खानावळीत जी मांजरे वावरतात, ती ‘सगळ्यांची’ म्हणजे कुणाचीच नसतात. प्रत्येक वर्षी दोन विद्यार्थ्यांनी त्यांची जबाबदारी नावानिशी घ्यावी. जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक खानावळीच्या भिंतीवर लिहावा, एक झाकणाची टोपली ठेवावी, आणि स्नेहसंमेलनाच्या वर्गणीतून थोडी रक्कम लसीसाठी बाजूला काढावी. यातून फार मोठी क्रांती होणार नाही. पण पुढच्या वेळी ‘मनी जेवत नाही’ असे कुणी म्हणाले, तर निदान आपण तिच्या हिरड्या पाहायला उठू.