जनावर बोलत नाही, म्हणून आपण खरं बोलायचं

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला कराडहून एका जुन्या बॅचमेटचा फोन आला. "कुत्रा सारखा ओकतोय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, काय करू?" मी पहिला प्रश्न विचारला, "काही गोळी-बिळी दिलीस का?" तो म्हणाला, "नाही रे." मी जरा थांबून तेच परत विचारलं. पलीकडं शांतता. मग हळूच उत्तर आलं, "अर्धी दिली होती. माझ्या गुडघेदुखीची."

दुसऱ्यांदा विचारायचा हा शहाणपणा माझा नव्हे. तो मी बेहाल्यात शिकलो आणि त्याची किंमत माझ्या कुत्र्यानं मोजली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी रिटायर झाल्यावर कुत्रं पाळलंय. कधी ना कधी रात्री जनावरांच्या हॉस्पिटलची पायरी चढायची वेळ येईल. तिथं काय होतं आणि आपण काय करायचं, ते आधीच सांगून ठेवतो.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा कोलकात्याला फोर्ट विल्यममध्ये होतो. (नंतर त्या किल्ल्याचं नाव विजयदुर्ग झालं, आपल्या कोकणातल्या विजयदुर्गावरून.) क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून बेहाल्यात भाड्यानं घर घेतलं. बेहाला म्हणजे सौरव गांगुलीचं गाव, हे तिथला रिक्षावालासुद्धा पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. समोर डायमंड हार्बर रोड, वर नवीन मेट्रोचे खांब आणि जोराचा पाऊस झाला की गल्लीत गुडघाभर पाणी.

सोबत बायको, मुलगी आणि खंड्या. खंड्या हा नगरच्या पोस्टिंगमध्ये मेसच्या मागं सापडलेला गावठी कुत्रा. वजन अठरा किलो, भूक दोन जवानांची. खंडोबाच्या नावावरून नाव ठेवलं, तर घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही माशीमा म्हणायचो, त्याला 'खोंडो' म्हणायच्या आणि रोज माशाचं डोकं द्यायच्या.

एके दिवशी खंड्या पुढचा पाय लंगडत घरी आला. आपल्या एमआय रूमचा विनोद तुम्हाला ठाऊक आहेच: डोकं दुखो की पाय मोडो, गोळी एकच. मीही तेच केलं. माझ्या पाठीसाठी आणलेली आयब्युप्रोफेन उकडलेल्या अंड्यात घालून त्याला दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन दिवस. लंगडणं कमी झालं आणि मी घरात मिशीला पीळ देत हिंडलो.

तिसऱ्या रात्री तो ओकला. ओकारी कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट होती. शी डांबरासारखी काळी. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. पोटात रक्तस्राव होत असल्याची ही लक्षणं, हे मला नंतर कळलं.

पहिली अडचण, जायचं कुठं? सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजचं हॉस्पिटल बेलगाछियाला, १८९३ पासूनचं. पण बेलगाछिया शहराच्या उत्तर टोकाला, बेहाला नैर्ऋत्येला, मध्ये अख्खं कोलकाता आणि बाहेर पाऊस. एक टॅक्सी कुत्रा बघून निघून गेली, दुसरीही. शेवटी माशीमांच्या पुतण्यानं गाडी काढली आणि त्यानंच रात्री उघडं असलेलं एक खाजगी हॉस्पिटल फोन करून शोधलं. जय हिंद सेतू ओलांडताना खंड्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याचे श्वास मोजत होतो.

ही पहिली चूक लिहून घ्या. सैनिकाला नवीन ठिकाणी गेल्यावर पहिल्या दिवशी जवळचं हॉस्पिटल ठाऊक असतं. कुत्र्यासाठी तेवढं आपण करत नाही. रात्री कोण उघडं असतं, हे दिवसा फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर लावा. मुंबईत परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं. पण तालुक्याच्या गावी काय? फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा नंबर आहे, पण तुमच्याकडं तो कोणत्या वेळेत आणि कुठल्या जनावरासाठी चालतो, हे आधी विचारून ठेवा. निघताना हॉस्पिटलला फोन करा, म्हणजे ते तयारीत राहतात. दुखण्यात आपला कुत्राही आपल्याला चावतो, म्हणून चादरीत गुंडाळून उचला. पण ओकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड कधी बांधू नका. आणि चावलाच तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन स्वतःही डॉक्टरकडं जा.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर वाटलं होतं, डॉक्टर धावत येतील. तसं झालं नाही. एका मुलानं दारातच खंड्याचं वजन घेतलं, हिरडी दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, छातीला नळी लावली आणि म्हणाला, "बसा दादा, पुढचा नंबर." तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ भाजीच्या पिशवीत बोका घेऊन आले आणि त्यांना थेट आत नेलं.

माझं डोकं फिरलं. "आम्ही आधी आलोय," मी आवाज चढवला. आतून एक तरुण डॉक्टरबाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या बोक्याची लघवी अडकलीय, हृदय कधीही थांबेल. तुमच्याजवळ थोडा वेळ आहे, त्याच्याजवळ नाही."

मी खाली बसलो. लाज वाटली, कारण हे मला शिकवायची गरज नव्हती. जखमींची वर्गवारी ही आपलीच पद्धत आहे. नेपोलियनचा सर्जन लॅरे यानं रणांगणावर ती रूढ केली: आधी जास्त धोक्यातला, मग त्याचा हुद्दा कोणताही असो. तेव्हा लक्षात ठेवा, इमर्जन्सीत तुम्हाला थांबवलं, तर बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते. पण थांबलेलं असताना जनावराचा श्वास बदलला, ते कोसळलं, पोट फुगलं, तर भिडेखातर गप्प बसू नका. लगेच जाऊन सांगा.

अर्ध्या तासानं आम्हाला बोलावलं. डॉक्टरबाईंनी प्रश्न सुरू केले. कधीपासून? काय खाल्लं? लसी झाल्यात? गोचीड होते? उंदराचं औषध घरात आहे? आणि मग, "माणसांची कुठली गोळी दिली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? शेजारी बायको होती, जिनं "डॉक्टरला दाखवू या" म्हटल्यावर मी तिला गप्प केलं होतं. समोर माझ्या मुलीच्या वयाहून फार मोठी नसलेली डॉक्टर होती. आणि मी वीस वर्षं नोकरी केलेला सुभेदार. बस्, एवढंच कारण.

त्यांनी रक्त घेतलं, सलाइन लावलं. ताप होता, पायाला सूज होती. गोचिडाच्या तापाचा संशय आहे, ताप-सुजेसाठी एक इंजेक्शन द्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या. सुई भरायच्या आधी त्या परत माझ्याकडं वळल्या. "हे इंजेक्शन दुखण्याच्या गोळीच्याच जातीचं आहे. आधी तशी गोळी पोटात गेली असेल आणि वर हे दिलं, तर आतड्याला भोक पडू शकतं, किडनी जाऊ शकते. म्हणून परत विचारते. रोज सगळे पहिल्यांदा नाहीच म्हणतात. मी रागावणार नाही. दिली होती का?"

मी म्हणालो, "दिली. दिवसाला दोन. दोन दिवस."

त्या खरंच रागावल्या नाहीत. सुई बाजूला ठेवली, गोळी किती एमजीची ते विचारलं आणि सगळे उपचार बदलले. पोटाच्या आतल्या जखमेची औषधं, किडनीसाठी रात्रभर सलाइन, रक्ताची तपासणी दर काही तासांनी. दुखण्यासाठी वेगळ्या जातीचं औषध. माझ्या खोट्या 'नाही' आणि त्या सुईमध्ये फक्त एका चांगल्या डॉक्टरचा दुसरा प्रश्न होता.

मित्रहो, माझं म्हणणं एवढंच आहे. जनावरांच्या इमर्जन्सीत तुमच्याजवळ सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे खरी माहिती. पैसाही नाही आणि ओळखही नाही. माणसाचा पेशंट "इथं दुखतंय, हे खाल्लं" असं सांगतो. कुत्र्याचं तोंड तुम्ही आहात. तुम्ही खोटं बोललात, तर पेशंटच खोटं बोलला.

कुणी म्हणेल, मग तपासण्या कशाला असतात? रक्ताच्या तपासणीत किडनीवर ताण आहे, रक्त कमी झालंय, एवढं दिसतं. ते कुठल्या गोळीनं झालं, हे त्यात लिहून येत नाही. उंदराच्या काही औषधांचा परिणाम तर तीन-चार दिवसांनी दिसतो. मालकानं वेळीच सांगितलं तर व्हिटॅमिन के देऊन कुत्रा वाचतो, आणि नाही सांगितलं तर आतल्या आत रक्त वाहत राहतं.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. फौजेत जनावरांचं खातं याच बंगालमध्ये १७७९ साली सुरू झालं, आजचं रिमाउंट व्हेटर्नरी कोअर. आपल्या युनिटशेजारी डॉग युनिट असलेल्यांनी पाहिलं असेल, हँडलरला आपल्या कुत्र्यानं काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, शी कशी झाली, सगळं ठाऊक असतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या कारवाईत दोन गोळ्या लागलेला 'झूम' १३ तारखेला श्रीनगरच्या लष्करी पशु हॉस्पिटलमध्ये गेला, तेव्हा सगळा देश हळहळला. त्या कुत्र्यांना आपण सैनिक म्हणतो. मग घरातल्या कुत्र्याबद्दल डॉक्टरला खोटा सिटरेप का द्यायचा? पोस्टवरून चुकीचा सिटरेप गेला तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खरं तीन बाबतींत सांगायचं असतं. पहिली, काय घडलं. गोळीचं पाकीट, विषाची पुडी, ओकारीचा फोटो सोबत न्या. "आज सकाळपासून" असं म्हणताना खरंच आज सकाळपासून आहे का, ते आठवा. मीठपाणी, दूध, तेल पाजलं असेल तर तेही सांगा. आणि मुळात पाजू नका.

दुसरी, पैसा. इथं ईसीएचएस कार्ड चालत नाही. आगाऊ रक्कम मागतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा अंदाज लिहून देतात. ऐपत नसेल तर मान खाली घालून सही करू नका आणि मध्येच पळूही नका. "माझ्याकडं एवढे आहेत, यात काय होईल?" असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर त्यात बसणारा मार्ग सांगतो.

तिसरी सगळ्यात अवघड. हृदय थांबलं तर छाती दाबून प्रयत्न करायचे का, हा प्रश्न फॉर्मवर असतो. कधी त्रासातून सोडवण्याचा प्रश्नही येतो. तेव्हा घरच्यांशी खरं बोला, आणि डॉक्टरला विचारा, "तुमचा असता तर काय केलं असतं?" माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर मिळतं ते सगळ्यात प्रामाणिक.

पहाटे चारच्या सुमारास ते बोक्यावाले गृहस्थ बाहेर आले. भाजीची पिशवी घडी घालून हातात होती. माझ्यासमोर थांबून त्यांनी विचारलं, "तुमचा कसा आहे?" मी म्हणालो, "आत आहे, लढतोय." ते म्हणाले, "मी तीन दिवस वाट बघितली. इथं मात्र कालपासून म्हणून सांगितलं." आणि पावसात निघून गेले. ज्याच्यावर मी ओरडलो होतो, त्याला मी धड नमस्कारही करू शकलो नाही.

खंड्या चौथ्या दिवशी घरी आला. माशीमांनी माशाचं डोकं तयार ठेवलं होतं. डॉक्टरच्या सांगण्यावरून त्याला पातळ भातावर भागवावं लागलं. आणि लंगडण्याचं कारण? पंज्याच्या गाद्यांमध्ये घुसलेला काचेचा एक तुकडा. डॉक्टरबाईंनी तो दोन मिनिटांत काढून माझ्या हातावर ठेवला. पाय उचलून बघायच्या ऐवजी मी गोळी शोधली होती.

तो तुकडा अजून माझ्याकडं आहे, औषधांच्या डब्यात. आता कुणासाठीही गोळी काढताना आधी तो हाताला लागतो.

जय हिंद.