खोळ, चिलखत आणि शिसपेन्सिल

मराठी मध्यमवर्गीय माणसाला वस्तू वापरण्यापेक्षा ती झाकून ठेवण्यात अधिक सुख वाटतं, असं माझं फार जुनं मत आहे. जून महिन्यात वह्यांना खाकी कव्हरं घालताना आपल्या सांसारिक शिक्षणाला जी सुरुवात होते, ती पुढे थांबतच नाही. रेडिओवर भरतकामाचा रुमाल, टीव्हीला सरकतं दार, फ्रिजच्या मुठीला मोजा, मिक्सरला झालरीचा झगा. नव्या सोफ्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक तर पाहुणे घसरून पडायला लागले तरी निघत नाही. रिमोट आपण गेली तीस वर्षं पिशवीतूनच दाबत आलो आहोत. सुटकेसला खोळ असते आणि त्या खोळीला डाग पडू नये म्हणून बर्थखाली वर्तमानपत्र अंथरलेलं असतं. अशा थोर परंपरेतल्या माणसाच्या हाती चाळीस हजारांचा काचेचा फोन आला, की तो पहिला प्रश्न कोणता विचारणार? अर्थातच, 'ह्याला कव्हर कुठं मिळेल?'

कव्हर घालण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फोन पडतो. हात ओले असतात, खिसे उथळ असतात, नातवंडं असतात. माझं भांडण आहे ते त्या कव्हरांच्या खोक्यांवर छापलेल्या शब्दांशी. साधं रबरी कव्हर आणि 'दणकट' कव्हर यांच्या किमतीत जो दोन हजारांचा फरक पडतो, त्यातला बराचसा भाग रबराचा नसून शब्दांचा असतो.

दुकानात जाऊन बघा. 'काका, हे घ्या. मिलिटरी ग्रेड आहे,' असं म्हणत दुकानातला मुलगा एक काळाकभिन्न ऐवज समोर ठेवतो. त्याला बाहेरून उगीचच स्क्रू असतात, कोपऱ्यांना ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खाचा असतात.

'कुठल्या मिलिटरीचं?' मी विचारलं.

'मिलिटरीचंच, काका. वरून गाडी गेली तरी काही होत नाही.'

'कव्हराला, की फोनला?'

यावर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे लक्ष दिलं.

आता ही मिलिटरी म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची 'मिल-एसटीडी-८१०' नावाची एक जाडजूड संहिता आहे. ती पहिल्यांदा १९६२ साली निघाली. ऊन, थंडी, पाऊस, धूळ, खारा वारा, बुरशी, हादरे अशा नाना छळांना सैन्याचं सामान कसं तोंड देतं, ते तपासायच्या रीती तिच्यात दिल्या आहेत. पडण्याची परीक्षा त्यातलीच एक. वस्तू चार फुटांवरून २६ वेळा पाडायची. २६ च का? तर खोक्याला ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे असतात. बेरीज करून पाहा. प्रत्येकावर एकदा पाडलं की झाले २६. हिशेब अगदी चोख आहे, आपल्याला आवडावा असा.

पण पुढचं ऐका. २००८ सालच्या आवृत्तीप्रमाणे ही वस्तू पडते ती काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंच जाड प्लायवूडवर. आमच्या जिन्यात मी अजून प्लायवूड पाहिलेलं नाही. शिवाय हे २६ आघात एकाच नगाने सोसले पाहिजेत असं नाही. ते पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे. म्हणजे पाच भावांनी मिळून मार खायचा आणि शौर्यपदक प्रत्येकाच्या छातीवर. आणि सर्वांत गमतीचा भाग असा, की बाजारात विकल्या जाणाऱ्या कव्हरांना हे खातं कसलाही दाखला देत नाही. कारखानदाराने स्वतःच परीक्षा घ्यायची, स्वतःच पेपर तपासायचा आणि स्वतःच पेढे वाटायचे. ज्याने पूर्ण परीक्षा दिली तोही 'मिलिटरी ग्रेड' आणि ज्याने एका दुपारी चार कव्हरं टेबलावरून ढकलली तोही 'मिलिटरी ग्रेड'. खोक्यावर दोघांचा टाईप सारखाच ठळक असतो.

त्या संहितेचा बिचारीचा यात काही दोष नाही. ती तर उलट सांगते की, बाबांनो, वस्तू कुठे वापरली जाणार, तिथे तिचे काय हाल होणार ते आधी बघा आणि मग त्याला साजेशी परीक्षा निवडा. हे शहाणपण खोक्यावर कुणी छापत नाही. ते छापलं तर गिऱ्हाईक विचार करायला लागेल, आणि विचार करणारं गिऱ्हाईक दुकानदाराला परवडत नाही.

दुसरा शब्द आहे '९ एच'. काचेवर चिकटवायच्या त्या जास्तीच्या काचेच्या पाकिटावर तो असतोच. लोकांना वाटतं, हे ९ म्हणजे मोसचं ९. फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली. तीत हिरा १० वर आणि माणिक-नीलम ९ वर. तेव्हा तीनशे रुपयांत आपण फोनवर नीलमणी बसवला, या समाधानात माणूस घरी जातो. प्रत्यक्षात '९ एच' ही शिसपेन्सिलीची प्रतवारी आहे. तीच आपली चित्रकलेच्या तासाची 'एचबी', तिची ही सर्वांत कडक थोरली बहीण. रंगाचा किंवा रोगणाचा थर किती टणक आहे, ते पेन्सिलीने ओरखडून बघायची ही परीक्षा आहे. काचेवर पेन्सिलीचा ओरखडा उठत नाही, हे शोधायला प्रयोगशाळा कशाला हवी? खिडकीची काच या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होईल. फोनला भीती असते ती वाळूची. वाळूतला गारगोटीचा कण मोसच्या उतरंडीवर ७ वर बसतो आणि काच त्याच्या खाली. म्हणजे जुहूच्या वाळूत फोन ठेवताना '९ एच' ऐकून निर्धास्त होणं म्हणजे मुलगा चित्रकलेत पहिला आला म्हणून त्याला आखाड्यात उतरवण्यासारखं आहे.

मग कव्हर घ्यावं कसं? यासाठी सैन्यात जायची गरज नाही, कोकणात गेलं तरी पुरे. नारळाकडे बघा. इतक्या उंचावरून तो दाणकन आदळतो आणि आत खोबरं शाबूत. त्याला आत कवटी आहे खरी, पण धक्का खातं ते बाहेरचं सोडण. मऊ, जाड, हवा भरलेलं. कारण सगळा प्रश्न थांबण्याचा आहे. कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून सुटलेला फोन जमिनीला टेकताना ताशी १६ किलोमीटर वेगात असतो. चांगली जोरात हाणलेली सायकल म्हणा. आता २०० ग्रॅमचा फोन टणक कव्हरात अर्ध्या मिलिमीटरात थांबला, तर ढोबळ हिशेबाने त्याच्यावर ४०० किलोंचा भार येतो. तोच मऊ कोपऱ्यावर दोन मिलिमीटर दबत थांबला तर भार १०० किलो. दीड मिलिमीटरची सगळी करामत! तिथे वरच्या स्क्रूंचा आणि ट्रॅक्टरच्या खाचांचा काही संबंध नाही.

तेव्हा कव्हर हातात घ्या आणि अंगठ्याने कोपरे दाबून बघा. ते दबले पाहिजेत आणि परत आले पाहिजेत, कारण फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावर पडतो. मग ते फोनला घालून फोन टेबलावर पालथा ठेवा. काच टेबलाला टेकता कामा नये. कव्हराची कड नखभर वर हवी. कॅमेऱ्याभोवतीही तशीच. शेवटी ओल्या हातात धरून बघा, निसटतं का. न पडणारा फोन सर्वांत टिकाऊ असतो. या तीन परीक्षा पास होणारं कव्हर मला अडीचशे रुपयांतही सापडतं. पारदर्शक घेतलंत तर ते उन्हाने आणि उष्णतेने वर्षभरात जुन्या दिवाळी अंकासारखं पिवळं पडेल. पण पिवळ्या कोपऱ्यावर पडलेला फोनही वाचतोच. रस्त्यावरच्या टोकदार खड्यावर फोन तोंडावर पडला, तर मात्र अडीचशेचं आणि अडीच हजारांचं, दोघंही हात वर करतात. हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांचा फोन सोफा, जेवणाचं टेबल आणि उशी या त्रिस्थळी यात्रेपलीकडे कधी गेलेला नाही. पण त्याच्या अंगावर असं चिलखत आहे की तो सियाचीनला निघालाय असं वाटावं. चार्जिंगला लावला की आतल्या आत उकडतो. जाड कव्हरात उष्णता कोंडते आणि बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच सरतं, हे त्यांना मी सांगून पाहिलं. 'असू दे हो,' ते म्हणाले, 'मजबूत आहे ना!' १६५९ साली प्रतापगडाखाली महाराजांनी चिलखत घातलं ते अंगरख्याच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. आमची चिलखतं दिसावीत म्हणूनच असतात.

आणि ज्यांना खरोखर चिलखत हवं ते कोण? पावसात दुचाकीवरून पार्सलं पोचवणारा पोरगा. त्याचा फोन हँडलवर दिवसभर हादरे खात असतो आणि तो फुटला तर त्याची दुसऱ्या दिवसाची कमाई फुटते. ई-पीक पाहणी २०२१ साली आली तेव्हापासून शेतकऱ्याला बांधावर उभं राहून पिकाचा फोटो मोबाईलवरून भरावा लागतो. हाताला चिखल, पायाखाली चिखल. भाजीवाल्या मावशींच्या पैशाचा हिशेब फोनवर येतो, आणि तो फोन पावसाळ्यात दुधाच्या पिशवीत असतो, वर रबरबँड. त्यांच्याकडे कव्हराला दोन हजार नाहीत. खऱ्या लढाईवर निघालेल्या माणसाला दुधाची पिशवी आणि दिवाणखान्यातल्याला मिलिटरी ग्रेड, हे मला पटत नाही. त्याहून न पटणारी गोष्ट ही, की तो पोरगा त्याच शब्दाला भुलून एक दिवस दोन हजार खरंच मोजतो.

पण मुळात हा खर्च आपल्या गळ्यात आला कसा? २००० साली आलेला नोकिया ३३१० आठवा. पडला की पाठ एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. पलंगाखालून तुकडे गोळा करायचे, जोडायचे आणि पुन्हा 'हॅलो'. त्याला चिलखत लागलं नाही, कारण तो स्वतःच थोडासा नारळ होता. मग फोन देखणे होऊ लागले. २०१० सालच्या आयफोन ४ ला पुढे काच आणि मागेही काच. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा. कारखानदार फोन पातळ करण्यासाठी मिलिमीटर-मिलिमीटर खरवडतो, त्या पातळपणाचे आपल्याकडून पैसे घेतो आणि आपण खरवडलेले मिलिमीटर पुन्हा पैसे देऊन वर चढवतो. ज्या सौंदर्यावर भाळून घेतला, ते बोहल्यावरून उतरताच बुरख्यात. दोष वस्तूचा आणि दंड गिऱ्हाइकाला, असा हा व्यवहार आहे.

यावर तोडगा नाही असं नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम केला आहे. नव्या फोनच्या लेबलवर, तो पडझड किती सोसतो याची 'ए' ते 'ई' अशी प्रत छापावी लागते. घडी न होणारा साधा फोन कव्हर न घालता किमान ४५ वेळा पडूनही चालू राहिला पाहिजे. कव्हर न घालता, हे लक्षात घ्या. म्हणजे परीक्षेला फोनच बसतो, खोळ नव्हे. आपण फ्रिज घेताना दारावरचे तारे मोजतो आणि एका ताऱ्यासाठी दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालतो. तीच हुज्जत फोनच्या दुकानात का घालू नये?

पुढच्या वेळी फोन घ्यायला जाल तेव्हा कॅमेरा, मेमरी, रंग सगळं बघा. मग शांतपणे विचारा, 'हा उघडा किती वेळा पडून चालतो?' मुलगा गोंधळेल आणि म्हणेल, 'काका, त्याच्यासाठी कव्हर आहे ना, मिलिटरी ग्रेड!' त्याला कव्हर दाखवू द्या, कोपरे दाबून बघा, आणि प्रश्न पुन्हा विचारा.