रोमने ते कागद नाव घेऊन रद्द करावेत

30 मार्च 2023 रोजी व्हॅटिकनच्या दोन खात्यांनी मिळून एक निवेदन काढले. ख्रिस्ती राजांनी 'शोधून काढलेल्या' भूमीवर त्यांचाच हक्क, हा सिद्धांत कॅथलिक ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भाग नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. आदल्या वर्षी जुलैत पोप फ्रान्सिस कॅनडाला गेले, तेव्हा क्वेबेक प्रांतातल्या मिस्साच्या वेळी तिथल्या मूळ रहिवाशांनी वेदीसमोर मोठा फलक धरला होता. हा सिद्धांत रद्द करा, एवढीच त्यांची मागणी होती. निवेदन आले तेव्हा आमच्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. कॅनडाचा प्रश्न, आपला काय संबंध, असेच बहुतेकांना वाटले. मला तो आमच्या अंगणातला प्रश्न वाटतो. मी वसईची. जन्माने कॅथलिक, श्रद्धेनेही कॅथलिक, आणि माझी सगळी नोकरी हायस्कुलात इतिहास शिकवण्यात गेली. म्हणून हे लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

हा सिद्धांत ज्यांवर उभा राहिला ते पोपचे कागद मुख्यतः तीन. 1452 साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालचा राजा पाचवा अफोन्सो याला फर्मान दिले, की मुसलमान आणि इतर अख्रिस्ती लोकांवर चढाई कर, त्यांची राज्ये आणि मालमत्ता घे, त्यांना कायमचे गुलाम कर. पुढच्याच वर्षी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले. रोम हादरले. तुर्कांशी लढायला जो राजा उभा राहील त्याला काहीही द्यायची पोपची तयारी होती, पण पदरी ना जहाजे होती ना पैसा. 1455 मध्ये त्याच पोपने आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गावरचा व्यापार आणि विजय यांचा मक्ता पोर्तुगालला दिला. पुढच्या वर्षी त्यांच्या वारसाने, तिसऱ्या कॅलिक्स्टस यांनी, या प्रदेशातला धार्मिक अधिकारही पोर्तुगालच्या 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट'कडे सोपवला, आणि त्याची हद्द थेट हिंदी लोकांपर्यंत नेली. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली. म्हणजे एकही पोर्तुगीज जहाज इथे पोहोचण्याच्या चाळीस वर्षे आधी आम्हाला पोर्तुगालच्या हवाली करून टाकलेले होते. तिसरा कागद 1493 चा. स्पेनमध्ये जन्मलेल्या सहाव्या अलेक्झांडर या पोपने अटलांटिक महासागरातून रेघ ओढली आणि तिच्या पश्चिमेचे सगळे स्पेनला दिले. दुसऱ्या वर्षी तोर्देसियासच्या तहात दोन्ही राजांनी ती रेघ आपसांत सरकवून घेतली. ज्यांच्या जमिनी वाटल्या जात होत्या त्यांच्यापैकी कोणाला काही विचारायचे कोणाच्या मनातही आले नाही.

2023 च्या निवेदनात म्हटले आहे की ही फर्माने श्रद्धेचा भाग कधीच नव्हती आणि वसाहतवादी सत्तांनी त्यांचा राजकीय स्वार्थासाठी वापर केला. पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा अर्धाच खरा आहे. राजांनी वापर केला हे खरेच, पण 1452 च्या मजकुरात गुलाम करण्याची परवानगी राजाने घुसडलेली नाही. ती पोपच्या हुकमातच आहे.

आता या कागदांचे इथे काय झाले ते पाहा. त्यांतून एक व्यवस्था निघाली: पोर्तुगालच्या राजाने चर्च बांधायची, धर्मगुरू पाठवायचे, त्यांचा खर्च सोसायचा आणि मोबदल्यात बिशप कोण हे त्यानेच सुचवायचे. पाद्रोआदो म्हणतात तिला. 1530 च्या दशकात गोव्याला धर्मप्रांत झाला तेव्हा त्याची हद्द केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत होती. 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या चर्चचे छप्पर केव्हाच गेले आहे, पण जमिनीतल्या थडग्यांच्या फरश्या अजून आहेत. अक्षरे झिजली आहेत, तरी पोर्तुगीज नावे बोटाने चाचपत वाचता येतात. विद्यार्थ्यांना तिथे नेले की मी सांगत असे, इथे पुरलेली माणसे ज्या हक्काने आली तो हक्क लिहून देणारा इथे कधीच आला नव्हता.

गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या मातेउस दि कास्त्रो यांची गोष्ट तर प्रत्येक मराठी आणि कोंकणी माणसाला ठाऊक असायला हवी. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला हा हुशार तरुण. स्थानिक म्हणून गोव्यात त्यांना धर्मगुरूपद मिळेना. ते खुष्कीच्या मार्गाने थेट रोमला गेले. रोमलाही तोवर उमगले होते की सगळा अधिकार राजाला देऊन आपले हात बांधले गेले आहेत. त्यासाठीच 1622 मध्ये 'प्रोपागांदा फिदे' हे धर्मप्रसाराचे स्वतंत्र खाते निघाले होते. त्या खात्याने कास्त्रोंना शिकवले, धर्मगुरू केले आणि 1637 मध्ये बिशप करून आदिलशाही मुलखासाठी परत पाठवले. पोपच्या नेमणुकीचे कागद हातात असलेल्या या बिशपाला गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मानले नाही, कारण राजाची संमती नव्हती. आपल्याच मुलखात त्यांना मुसलमान सुलतानाच्या हद्दीतल्या डिचोलीत राहून काम करावे लागले. शेवट रोममध्ये झाला. पोपने दोनशे वर्षांपूर्वी दिलेला शब्द पोपच्याच बिशपाच्या आड आला.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, पण आमच्या चर्चवरचा त्यांच्या राजाचा हक्क रोमच्या लेखी तसाच राहिला. मुंबईत तर 1794 पासून दोन अधिकारी झाले, काही चर्च पोर्तुगालच्या, काही थेट रोमच्या. एकाच गल्लीतली घरे, एकच प्रार्थना, आणि कोर्टकज्जे. 1853 मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून भांडण इतके पेटले की रोमच्या बाजूचे बिशप अनास्तासियस हार्टमन स्वतःला आत कोंडून बसले. बाहेर दुसऱ्या पक्षाचे कॅथलिक. अखेर इंग्रज सरकारच्या माणसांनी दार फोडले आणि चर्च पोर्तुगालच्या पक्षाकडे गेले. रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या 1886 च्या करारानंतर आम्ही वसई आणि साष्टीचे लोक दमणच्या धर्मप्रांतात गेलो. कर मुंबई सरकारला भरायचा आणि बिशप लिस्बनच्या पसंतीचा, हे 1928 पर्यंत चालले. त्या वर्षीच्या करारात मुंबईला एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश आर्चबिशप, अशी पाळी ठरली. भारतीयाचे नावच नव्हते!

ती पाळी मोडली एका इंग्रजाने. आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी 1946 मध्ये गोव्याच्या कुटुंबातले वॅलेरियन ग्रेशस साहाय्यक बिशप होताच त्यांच्या हाती कारभार दिला आणि स्वतः दूर झाले. 1950 च्या जुलैत पोर्तुगालने भारतातला हा हक्क सोडला, डिसेंबरात रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर होऊन ग्रेशस आर्चबिशप झाले, 1953 मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. रॉबर्ट्स यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्याकडे चालून आलेला अन्यायाचा हक्क त्यांनी आपण होऊन खाली ठेवला.

माझी श्रद्धाही याच वाटेने माझ्या पूर्वजांपर्यंत आली, हे मी विसरलेले नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, ते आमचे संत आहेत, आणि ती श्रद्धा मला प्राणांइतकी प्रिय आहे. म्हणूनच तिच्या नावावर गुलामगिरीचा परवाना राहावा हे मला सहन होत नाही.

जुने मेलेले कागद कशाला उकरायचे, असे मला विचारतात. ते मेलेले नाहीत. 1823 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा पूर्ण मालकी हक्क नाकारला तो याच सिद्धांतावर, आणि 2005 मध्ये ओनायडा जमातीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने त्याचा पुन्हा उल्लेख केला.

मागच्या पोपचे फर्मान आज कसे मागे घेणार, हा दुसरा आक्षेप. रोमला त्याची सवय आहे. 1537 मध्ये तिसरे पॉल यांनी अमेरिकेतले मूळ रहिवासी पूर्ण माणसे आहेत, त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही, असे जाहीर केले. हा पोपपदाच्या इतिहासातला अभिमानाचा दिवस. पण ते अमलात आणण्यासाठी काढलेला आदेश सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दबावाखाली त्यांनी दुसऱ्याच वर्षी मागे घेतला. 1838 मध्ये सोळावे ग्रेगरी यांनी पाद्रोआदोचे भारतातले अनेक अधिकार एका फर्मानाने काढून घेतले. सम्राटासाठी जे मागे घेता आले ते पीडितांसाठी का घेता येऊ नये?

आजचे पोप चौदावे लिओ अमेरिकेत जन्मले आणि पेरूमध्ये चिक्लायोचे बिशप होते, म्हणजे 1493 च्या रेघेने स्पेनला देऊन टाकलेल्या भूमीतच. खात्यांचे निवेदन पुरेसे नाही. पोपच्या सहीचे आणि मोहोरेचे पत्र निघावे, त्यात 1452, 1455 आणि 1493 ची फर्माने नाव घेऊन रद्द व्हावीत आणि दिली तेव्हाही ती अन्यायाचीच होती हे लिहिलेले असावे. ही मागणी कॅनडाच्या लोकांनी एकट्यांनी का करावी? वसई, मुंबई आणि गोव्याच्या बिशपांनी एकत्र येऊन ती रोमला लेखी कळवावी, आणि आपण धर्मग्रामांनी त्यांना तसे करायला भाग पाडावे.