सहिष्णुता की तहातील कलम?

लिस्बनच्या सेंट जॉर्ज या इंग्रजी चर्चला भेट देणारे आपले साहित्यप्रेमी लगतच्या दफनभूमीत हेन्री फील्डिंगच्या समाधीपाशी हळवे होतात (आजचे चर्च १८८९ चे, १७५४ साली वारलेल्या फील्डिंगने ते पाहिलेलेही नाही!) आणि परतल्यावर कॅथलिक पोर्तुगालच्या धर्मसहिष्णुतेचे गोडवे गातात. आम्हांला ते मान्य नाही. इंग्रज प्रॉटेस्टंटांना उपासनेची व दफनाची मुभा १६५४ च्या तहात क्रॉमवेलने पदरात पाडून घेतली. स्पेनशी झुंजणाऱ्या पोर्तुगालला इंग्लंडचे वैर परवडणारे नव्हते. यात औदार्य कसले? त्याच राजसत्तेच्या गोव्यात १५६० साली आलेले इन्क्विझिशन कायमचे उठायला १८१२ साल उजाडावे लागले. तिथल्या रयतेच्या पाठीशी कुणाचे आरमार नव्हते.