किल्ला रेडिमेड नको!

दिवाळी जवळ आली की बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्ले दिसू लागतात. पैसे द्या, अंगणात ठेवा, झालं! माझं मत विचाराल तर यात मुलांचं मोठं नुकसान आहे.

महाड-पोलादपूरला खऱ्या इतिहासाची काही कमी नाही. १६७४ साली राज्याभिषेक झाला तो रायगड महाड तालुक्यातला, आणि १६७० साली सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजींची समाधी पोलादपूर तालुक्यात उमरठला आहे. तरीही पोरांना अंगणात स्वतःचा गड हवा असतो, कारण तिथे हुकूम त्यांचा चालतो!

हा गड एकट्याने होत नाही. कुणी दगड-विटा आणतो, कुणी पोतं भिजवतो, कुणी माती कालवतो. पेरलेल्या अळीवाला रोज पाणी घालायलाही कुणीतरी लागतंच. मी कॉन्व्हेंटमध्ये, गल्लीतली पोरं मराठी शाळेत. बोलायला विषयच नसायचा. पण "ए, माती आण रे!" अशी हाक आली की ओळख करून द्यावी लागत नाही. दुपारी मजूर, संध्याकाळी किल्लेदार! सुट्टीत मुंबईहून गावी आलेलं नवखं पोरही असंच सामील होतं.

एकट्या मुलाला आपण सांगतो, "जा, मित्र कर." मित्र असे सांगून होत नाहीत, एकत्र हात मळले की होतात. तयार किल्ल्यात हात मळतच नाहीत.

तेव्हा मित्रांनो, दिवाळीत घरी गेलात की धाकट्यांना किल्ला विकत आणू नका. माती आणून द्या, आणि शेजारच्या गप्प पोरालाही हाक मारा.